गुजरीला जाणारा पडद्याचा टांगा

आमच्या घरात बाजारचं तळलेलं काही येत नसे. कोणी आणायचा प्रयत्नही करत नसे, कारण घरात माझी आत्या होती.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आम्ही नांदेडला स्टेशनच्या अंगाला राहत होतो. निजामाचं राज्य होतं आणि तिकडे जगात लढाई चालू होती. बाबा सरकारी शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर होते. काळी शेरवानी, डोक्याला पागोटं आणि बुडाखाली सायकल, असे ते रोज शाळेत जात. घरात आम्ही चौघंच. बाबा, आई, मी आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या.

आत्याचं नवव्या वर्षी लग्न झालं आणि अकराव्या वर्षी नवरा गेला. सासरचं माणूस तिला नीटसं आठवतही नव्हतं. ती माहेरी परत आली, पुढे आजी गेली, आणि चार वर्षांच्या बाबांना तिनंच वाढवलं. त्यामुळे पस्तिशीला आले तरी बाबा तिच्यासमोर मान वर करून बोलत नसत. ते तिला आक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. लाल लुगडं, कपाळापर्यंत ओढलेला पदर, पहाटेची अंघोळ आणि कडक सोवळं. आमच्यासाठी घरात कांदा येई, पण तो ओसरीच्या कोपऱ्यात वेगळ्या टोपलीत असे आणि आत्या तिकडे बघतही नसे. तिच्या नाकाला मात्र सगळं कळायचं. शेजारी कोणी लसूण फोडणीला टाकला तरी ती आमच्या देवघरातून सांगायची.

आणि शहरात तर गुजरी होती.

गुजरी म्हणजे संध्याकाळचा बाजार. जुन्या गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला चिंचेच्या झाडांखाली मोकळं मैदान होतं. दुपारी तिथं गाढवं लोळायची. ऊन कललं की एकेक चूल पेटायची. एका बाजूला उत्तरेकडचा परदेशी हलवाई जिलबीचे वेढे सोडत बसे, दुसऱ्या बाजूला कबाबवाल्यांचे निखारे, मध्ये शेव, खारी बुंदी, फुटाणे, उकडलेल्या शेंगांचे ढीग. आणि सगळ्यात मोठ्या चिंचेखाली उदगीरकडच्या एका लिंगायत वाण्याची भज्यांची कढई. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दिवेलागणीला सगळं उठायचं. दोन अडीच तासांचा खेळ, पण त्या वेळात अर्धं नांदेड तिथं उभं असे. म्हणजे अर्ध्यातले पुरुष. आमच्यासारख्या घरातल्या बायका तिथं जात नसत. आम्हाला फक्त वास माहीत होता, तोही वारा नदीकडून असला तर.

माझ्यानंतर नऊ वर्षांनी आईला दिवस गेले. घरात आनंद झाला. आत्यानं तर देवापुढं बसून रडून घेतलं. मग तिनं आईला विचारलं, "काय खावंसं वाटतं सांग. मी करून देते."

आई म्हणाली, "काही नाही वन्सं. तुमच्या हातचं सगळं आवडतं."

त्या दिवशी बाबा शाळेतून आल्यावर मात्र आई त्यांना परसात घेऊन गेली. मी पेरूच्या झाडावर होते, म्हणून मला ऐकू आलं. आई बिलोलीकडची. लहानपणी तिचे वडील तिला आठवड्याच्या बाजारला नेत आणि कढईपाशी उभं करून भजं हातात देत. ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. कढईतून काढलेलं भजं पाहिजे. तोंड भाजलं पाहिजे माझं."

बाबा म्हणाले, "आक्काला सांगून घरीच तळू की."

"वन्सं तळतील ते प्रसादासारखं तळतील. मला गुजरीचं पाहिजे. कांद्याचं."

बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते गुजरीला गेले, पानात बांधलेली भजी शेरवानीच्या आतल्या खिशात घातली आणि सायकल दामटत घरी आले. नदीपासून आमच्या घरापर्यंत दीड मैलाचा चढ. ते आले तेव्हा भजी गार होऊन लोळागोळा झाली होती आणि शेरवानीवर हाताएवढा तेलाचा डाग पडला होता. आईनं विहिरीमागे उभं राहून दोन खाल्ली आणि तोंड वाकडं केलं. आत आल्यावर आत्या बाबांना म्हणाली, "काय रे, शाळेत आज दिवाळी होती का?"

"का आक्का?"

"तळणाचा वास येऊन राहिला अंगाला."

बाबा तसेच अंघोळीला गेले.

त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. पितळी डबा, त्याच्याभोवती गरम राखेची पिशवी, वरून जुनं घोंगडं, असं सगळं सायकलला बांधून ते निघाले. अर्ध्या वाटेत राखेची पिशवी फुटली. ते घरी आले तेव्हा शेरवानी पांढरी, पागोटं पांढरं आणि भुवयाही पांढऱ्या. आईला इतकं हसू आलं की ती जोत्यावरच बसली. भजी त्या दिवशी कोमट होती. ती हसत हसत म्हणाली, "राहू द्या आता. भजं माझ्याकडं येत नसलं तर मलाच त्याच्याकडं गेलं पाहिजे."

बाबांनी हे मनावर घेतलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या टांगेवाल्याचा अड्डा होता. त्याचा नातू बाबांच्या वर्गात होता, म्हणून तो बाबांना फार मानायचा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणत असू. त्याच्याकडे पडद्याचा टांगा होता. मुसलमान घरांतल्या बायका बाहेर निघाल्या की टांग्याला चारी बाजूंनी चादर बांधत, आत कोण बसलंय ते कोणाला दिसत नसे. नांदेडच्या रस्त्यावर असे टांगे रोज दहा-वीस तरी फिरत. त्यांच्याकडे कोणी वळून बघत नसे, बघणं वाईट समजत.

बाबांनी चाचाला सगळं सांगितलं. चाचा दाढीतल्या दाढीत हसला. "इत्तीसी बात? परदा बांधतौं ना मैं. बेटी कू लेके जातौं, खिलाके लातौं. किसीकू कायकू मालूम होता?"

आता घरी काय सांगायचं, हा प्रश्न होता. आई खोटं बोलायला तयार नव्हती. शेवटी ठरलं की सरकारी जनाना दवाखान्यातल्या सुईणबाईला दर शुक्रवारी दाखवायला जायचं. आणि खरंच जायचं, आधी दवाखाना आणि मग गुजरी. आईला सोबत म्हणून मी. आत्यानं लगेच होकार दिला, वर म्हणाली, "पडदा लावूनच जा. वारा लागू देऊ नको."

पहिल्या शुक्रवारचं मला सगळं आठवतं. दवाखान्यातून निघाल्यावर आई सारखं पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. चादर निळ्या चौकड्यांची होती, तिच्यातून उजेड निळा होऊन आमच्या मांडीवर पडायचा. एका फाट्यावर सरळ रस्ता घाटाकडे, देवळाकडे जात होता आणि डावा गुजरीला. चाचानं लगाम हलवायच्या आधीच घोडी डावीकडे वळली. पुढं ती कोणाला न विचारता मोठ्या चिंचेच्या मागे, जिथं माणसांची वर्दळ कमी होती, तिथं जाऊन बरोबर उभी राहिली.

आई म्हणाली, "चाचा, घोडीला बरी जागा माहीत आहे हो."

चाचा खोकला. "छाँव पसंद है उसकू," म्हणाला, आणि उतरून भजेवाल्याला हाक मारली.

भजेवाला स्वतः आला. चादरीच्या फटीतून मला त्याचं कपाळ दिसलं, भस्माचे तीन पट्टे आणि घामाचे थेंब. तो आमच्याकडे पाहत नव्हता, मान दुसरीकडे करून उभा होता. "बर्री, बर्री, बाईसाब," तो कानडीत या म्हणाला. "काय देऊ? कांदा हाय, मिर्ची हाय."

आईनं हात बाहेर काढला आणि आत आणला तेव्हा त्यात पळसाच्या पानाचा द्रोण होता. भजी अजून चुरचुरत होती. तिनं एक उचललं, फुंकर न घालता तोंडात टाकलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि हाश्श हूश्श करत माझ्याकडे बघून हसली. मी तिला इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं. मग मी खाल्लं. माझीही जीभ भाजली. आम्ही दोघी त्या निळ्या उजेडात तोंडं उघडी ठेवून वारा घेत बसलो आणि हसत राहिलो. बाहेर कढईचा आवाज, जिलबीवाल्याची हाक, टांग्यांच्या घंटा, पोरांची भांडणं. सगळी गुजरी आमच्या चादरीला लागून होती आणि कोणाला आमचा पत्ता नव्हता.

परतताना चाचानं टांगा मुद्दाम नदीच्या रस्त्यानं घेतला आणि मागचा पडदा वर केला. "हवा खाओ," म्हणाला, "बू निकल जाती." आम्ही बडीशेप चावली, आई केस झटकत बसली. घरी आत्यानं दारातच विचारलं, "काय म्हणाली सुईण?"

"सगळं ठीक आहे म्हणाली."

"तोंडावर तेज आलंय तुझ्या," आत्या म्हणाली आणि आमच्या पायांवर पाणी घातलं. तिच्या नाकाला त्या दिवशी काहीच कळलं नाही. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं नाही, सुटलो याचाच आनंद.

असे आठ-दहा शुक्रवार गेले. बाबा आईला रोज विचारायचे, "कसं होतं?" आणि ती त्यांना हळू आवाजात एकेक भजं वर्णन करून सांगायची. ते स्वतः कधी आले नाहीत. आक्काला कळलं तर काय, हीच भीती त्यांच्या पोटात.

आत्यासुद्धा टांग्यानं जायची, पण ती सोमवारी. दर सोमवारी संध्याकाळी ती घाटावरच्या महादेवाला जाई. पूर्वी चालत जायची, गुडघे दुखायला लागल्यापासून चाचाचा टांगा. तिलाही पडदा लागायचा. "ऊन सोसत नाही," म्हणायची. येताना प्रसादाचा नारळ आणायची आणि त्या दिवशी रात्री जेवायची नाही. सोमवारचा उपास आहे, एवढंच आम्हाला माहीत.

आईला सातवा लागला. आत्यानं ठरवलं की गंगेची ओटी भरायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणायचो. वार निघाला बुधवार. ओटीचं ताट, नारळ, खण, हळदकुंकू घेऊन आत्या, आई आणि मी चाचाच्या टांग्यात बसलो. चाचानं सवयीनं पडदा बांधला. बाबा सायकलीवर पुढे गेले, घाटावर भेटतो म्हणाले.

मी मध्ये बसले होते. उजवीकडे आई, डावीकडे आत्या. फाटा जवळ आला तशी आईनं माझा हात धरला. मला कळलं तिच्या मनात काय आहे. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आत्यानं जप मोठ्यानं सुरू केलाय.

घोडी डावीकडे वळली.

"अरे अरे अरे," चाचा ओरडला. "सीधी चल, सीधी!" लगाम ओढल्याचा आवाज आला, चाबूक हवेत वाजला. पण त्या घोडीला कधी मार लागला नव्हता, त्यामुळे चाबकाचा अर्थ तिला कळत नव्हता. ती दुडक्या चालीनं गेली ती थेट मोठ्या चिंचेच्या मागे जाऊन थांबली.

मग आई आणि आत्या एकदम बोलल्या, "चाचा, इकडं कुठं आणलं?" दोघींचे शब्द एकच आणि आवाजही सारखेच चिरके. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आई घाबरली होती. पण आत्या तिच्याहून जास्त घाबरली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती माळ उलटी ओढत होती.

"घोडीच वेडी आहे," आई म्हणाली.

"हो ना, वेडीच आहे मेली," आत्या म्हणाली. "चाचा, वळवा टांगा."

चाचा लगाम ओढत राहिला. आणि तेवढ्यात चादरीपलीकडून तो ओळखीचा आवाज आला. "बर्री, बर्री. आज बुधवारीच? सोमवारच्या बाईसाब हायेत का शुक्रवारच्या?"

मी आईकडे पाहिलं. आईनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे मिटून घेतले. ती रागावेल, रडेल, टांग्यातून उतरून चालायला लागेल, असं काय काय माझ्या मनात येऊन गेलं. बाहेर तो माणूस मान फिरवून उत्तराची वाट पाहत होता. कढई चुरचुरत होती.

आत्यानं डोळे उघडले आणि म्हणाली, "दोघी."

"मंग मिर्चीचे एक अन् कांद्याचे एक?"

"कांद्याचे दोन," आत्या म्हणाली. मग आईकडे न बघता, अगदी हळू, "हिचे दिवस आहेत. हिला जास्त द्या."

आईला आधी हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण पोट हलायला लागलं. आत्या म्हणाली, "हसू नको, हसू नको गं, सातवा आहे," आणि असं म्हणता म्हणता तीच हसायला लागली. आत्या मोठ्यानं हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. तिचं हसणं बारीक, थांबत थांबत येणारं, आतून खूप दिवस न वापरल्यासारखं होतं. ओटीचं ताट माझ्या मांडीवर डगडगत होतं. बाहेर चाचाही हसत होता, ते त्याच्या खोकल्यावरून कळत होतं.

द्रोण आत आले. आत्या म्हणाली, "देव कुठं जात नाही. गरम आहेत तोवर खा."

खाता खाता तिनं सांगितलं. लग्नाच्या आधी, आठ वर्षांची असताना, ती वडिलांबरोबर जत्रेला गेली होती आणि तिथं त्यांनी तिला कांद्याचं भजं घेऊन दिलं होतं. त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षं तिनं कांद्याला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी एका सोमवारी देवळातून परतताना टांग्याचं चाक निघालं, ते याच मैदानाशेजारी. चाचा चाक बसवत होता आणि ती पडद्याआड बसली होती. "वास आला," ती म्हणाली. "बसवेना गं मला. चाचाला म्हटलं, एक आणा, फक्त वास घेते." ती थांबली. "वास घेऊन कोणाचं भागतं का?"

"मग म्हणून सोमवारी रात्री जेवत नाही तुम्ही?" आईनं विचारलं.

"जेवायला जागा कुठं असते?" आत्या म्हणाली आणि पुन्हा ते बारीक हसणं. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "तू किती दिवस येऊन राहिलीस?"

"चौथ्या महिन्यापासून. दर शुक्रवारी. दवाखान्यात जाऊन येतो आधी, खरंच."

"आणि मी मेली देवाला सांगून राहिले होते, हिला नीट खाऊ दे."

चाचाचं मला फार कौतुक वाटलं. त्यानं एकीचं दुसरीला सांगितलं नव्हतं. आईनं त्याला पडद्यातून विचारलं, "चाचा, तुम्ही बोलला कसे नाहीत?" तो म्हणाला, "परदा मैंच बांधतौं, बेटी. मैंच खोलूं क्या?"

तिकडे बाबा घाटावर वाट बघून बघून घाबरले. टांगा उलटला की काय म्हणून सायकल हाणत मागे आले आणि फाट्यावर कोणीतरी सांगितलं की पडद्याचा टांगा गुजरीकडे गेला. ते धापा टाकत चिंचेपाशी पोचले. मी फटीतून बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. टांग्यात आक्का आहे, आई आहे आणि टांगा भज्यांच्या कढईपाशी उभा आहे. त्यांना काय वाटलं असेल ते मला आज कळतं.

"आक्का," ते म्हणाले, "माझी चूक आहे. तिला काही बोलू नको. मीच…"

पडद्यातून आत्याचा हात बाहेर गेला. त्यात द्रोण होता. "सायकल टेक आणि खा," ती म्हणाली. "गार झाली तर शेरवानीत घालून नेशील."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. बाबा हातात द्रोण धरून नुसते उभे राहिले. मग त्यांनी एक भजं तोंडात टाकलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते घाईघाईनं म्हणाले, "मिरची तिखट आहे फार." तो द्रोण कांद्याच्या भज्यांचा होता.

त्या दिवशी गंगेची ओटी भरली तेव्हा सूर्य पार टेकला होता. आत्यानं आधी नदीत उतरून अंघोळ केली, मग नारळ वाहिला. पुसायला तिला केस नव्हते, ती पदरानंच डोकं टिपत म्हणाली, "आता कसं हलकं वाटतंय." घरी येताना चौघंही एका टांग्यात बसलो आणि बाबांची सायकल चाचानं मागे बांधली.

पुढे सोमवार आणि शुक्रवार वेगळे राहिले नाहीत. दोघी बरोबर जायच्या, मी मध्ये बसायची. घरातलं सोवळं तसंच राहिलं, कांद्याची टोपली ओसरीवरच राहिली. आत्या म्हणायची, "घर ते घर, टांगा तो टांगा." आईला नवव्या महिन्यात टांग्यात चढवायला चाचा घरून लाकडी पाट घेऊन यायचा. मुलगा झाला, चांगला चार-साडेचार शेरांचा. सुईणबाई म्हणाली, एवढा भरला कसा? आत्यानं दुसरीकडे पाहिलं.

भाऊ वर्षाचा झाला आणि बाबांची लातूरला बदली झाली. चाचाला सोडताना आत्या रडली. त्यानं बाळाच्या हातात एक छोटं घुंगरू ठेवलं आणि घोडीचं तोंड आमच्याकडे वळवून उभं केलं. ती आमच्याकडे न बघता गवत खात राहिली.

लातूरला आमचं घर गोलाईपासून जवळ होतं. गोलाई म्हणजे मध्ये गोल बाजार आणि त्याला सगळीकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. संध्याकाळी तिथल्या मोकळ्या जागांत चुली पेटायच्या. सुशीला म्हणून पदार्थ मिळायचा, ओल्या मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. भजी होती, गरम शेव होती. पण पडद्याचा टांगा कुठून आणायचा? आणि एवढ्याशा अंतराला टांगा कोण करणार?

आमच्या शेजारी एक लिंगायत दुकानदारीणबाई राहायच्या. नवरा आजारी असल्यामुळे किराण्याचं दुकान त्या स्वतः चालवत, निलंग्यापर्यंत जाऊन माल बघून येत. गळ्यात लिंग, तोंडात पान आणि आवाज गल्लीभर. आईनं त्यांच्याजवळ काहीतरी बोलून दाखवलं असावं. एका संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि आत्याला म्हणाल्या, "चला वो आक्का. पायानं जायचं अन् पायानं यायचं. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"माझं असं," आत्या आपल्या लुगड्याकडे बघत म्हणाली.

"लुगडं खातंय का भजे? तुमी खाणार. चला."

आत्या देवघरात गेली. मला वाटलं ती आता येत नाही. ती आली तेव्हा तिनं बाळाला कडेवर घेतलं होतं. "हा रडतोय, याला फिरवून आणते," ती म्हणाली. बाळ मुळीच रडत नव्हतं.

आम्ही चौघी चालत निघालो. बाजार भरला होता. डाळीच्या पोत्यांवरून उडणारी धूळ, बैलगाड्या, हमालांची ओरड. आत्या आधी भिंतीच्या कडेनं चालत होती. लोक पाहायचे, काही पाहून पुढे जायचे, एक म्हातारा पुटपुटला. आमच्या शेजारणीनं त्याला विचारलं, "काय म्हनलात?" तो निघून गेला. चुलीपाशी पोचल्यावर आत्यानं स्वतः भजी आणि शेव मागितली, मोठ्यानं. आणि उभ्यानं खाल्लं, बाळाला एका हातानं धरून. आकाश उघडं होतं, वारा होता, तिच्या हनुवटीवर शेव लागली होती. ती इकडं तिकडं बघत होती. चादरीच्या फटीतून नाही, सगळीकडे. "केवढं मोठं असतं गं हे सगळं," ती आईला म्हणाली.

शेजारीणबाई दुकानावर जायचं म्हणून तिथूनच वळल्या. "सरळ रस्ता हाय, घर घावतंय," म्हणाल्या. पण गोलाईला सगळेच रस्ते सरळ. सोळांपैकी आमचा कोणता, ते कोणालाच आठवेना. पहिला रस्ता गुळाच्या अडतीत निघाला. दुसऱ्या रस्त्यानं आम्ही कापडाच्या दुकानांत शिरलो. परत गोलाईत आलो आणि एक फेरी मारली. बाळ हसायला लागलं. आई म्हणाली, "कोणाला तरी विचारायला पाहिजे," आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

पण आत्याच पुढं झाली. जी बाई इतकी वर्षं परक्या पुरुषाशी फक्त पडद्याआडून बोलली होती, तिनं एका पानवाल्यासमोर उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं, "भाऊ, सरकारी शाळेच्या मास्तरांची गल्ली कोणती?"

"त्यो बगा, तिसरा रस्ता, लिंबाखालून," पानवाला म्हणाला. "लई लांब न्हाई."

आत्यानं त्याला हात जोडले. आम्ही तिसऱ्या रस्त्यापाशी आलो. तिथं ती थांबली, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आता रस्ता कळला ना? मग घाई काय आहे? अजून एक फेरी मारू."

आणि आम्ही गोलाईला आणखी एक फेरी मारली. घरी पोचलो तेव्हा बाबा दारात उभे होते आणि आम्हाला सगळ्यांना पुन्हा भूक लागली होती.